गॅलिलिओ व बर्फाचा वाद

गॅलिलिओ हें नांव काढलें कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें दुर्बीण उभी राहते. फार झालें तर पिसा येथील कललेला मनोरा. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें प्रतिपादन केल्याबद्दल वृद्धपणीं त्यास न्यायासनापुढें गुडघे टेकावे लागले, हेंहि बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु आकाशाकडे दृष्टि लावणाऱ्या या पुरुषानें एकदां पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फावरून आपल्या काळच्या पंडितांशीं कडाक्याचा वाद केला होता, व त्या वादांत पुढें पोप झालेल्या एका धर्माधिकाऱ्यानें त्याचीच बाजू उचलून धरली होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. आमच्या मतें या पुरुषाच्या स्वभावाचें मर्म त्या लहानशा वादांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें त्या मोठ्या खटल्यांतहि दिसत नाहीं. म्हणून या अंकासाठीं आम्हीं त्याच्या चरित्राची हीच बाजू निवडली आहे.

इटली देशांतील पिसा या शहरीं १५ फेब्रुवारी १५६४ रोजीं गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म झाला. त्याचा बाप व्हिन्चेन्झो हा नामांकित तंतुवाद्यवादक असून संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा होता. तारेचा ताण व तिचा स्वर यांविषयीं जुन्या ग्रंथांत जे नियम लिहून ठेविले होते ते खरे कीं खोटे हें तो तारांना वजनें टांगून पाही, व खोटे ठरले तर तसें उघड लिही. ज्या घरांत ग्रंथकारापेक्षां तारेचा शब्द अधिक मानला जात असे त्या घरांत हा मुलगा वाढला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. लहानपणीं तो कांहीं काळ वाल्लोम्ब्रोझा येथील मठांत शिकत होता. तेथें संन्यासी व्हावें असें त्याच्या मनानें घेतलें, पण बापास तें रुचलें नाहीं. मुलगा वैद्य व्हावा, चार पैसे मिळवावे व कुटुंबाचें दारिद्र्य फेडावें अशी त्याची इच्छा; म्हणून १५८१ सालीं गॅलिलिओस पिसाच्या विद्यापीठांत वैद्यकीचे अभ्यासाकरितां घातलें.

परंतु वैद्यकींत त्याचें चित्त रमेना. ऑस्टिलिओ रिच्ची नांवाच्या गणितज्ञाचीं व्याख्यानें त्यास ऐकावयास मिळालीं आणि त्याचें मन युक्लिडाच्या भूमितीकडे व तेथून आर्किमिडिजाच्या ग्रंथांकडे ओढलें गेलें. १५८५ सालीं पदवी न घेतांच त्यानें विद्यापीठ सोडलें. आमच्या वाचकांत जे वडील मंडळी आहेत त्यांस व्हिन्चेन्झोच्या मनाची कल्पना सहज करतां येईल! पण हा मुलगा रिकामा बसला नव्हता. सिराक्यूजच्या राजाच्या मुकुटांत सोन्याबरोबर चांदीची भेसळ आहे किंवा कसें हें आर्किमिडिजानें पाण्याच्या साहाय्यानें शोधून काढलें, ही कथा सर्वांस माहीत आहे. तें त्यानें नेमकें कोणत्या रीतीनें केलें असावें याचा विचार करून गॅलिलिओनें एक नाजूक तराजू तयार केला, व १५८६ च्या सुमारास त्यावर एक लहानसा निबंध लिहिला. वस्तु हवेंत तोलावी, मग पाण्यांत बुडवून तोलावी, व वजनांतील फरकावरून ती कशाची आहे तें ओळखावें अशी ती युक्ति होती. त्या वेळीं तो बावीस वर्षांचा होता. पाण्यांत वस्तु हलकी कां होते हा प्रश्न तेव्हांपासून त्याच्या मनांत घर करून राहिला.

पुढील वीस वर्षांची हकीकत आम्ही थोडक्यांत सांगतों. १५८९ सालीं पिसा येथें व १५९२ पासून पाडुआ येथें तो गणिताचा अध्यापक झाला. पगार बेताचा, १५९१ सालीं बाप वारलेला, बहिणींच्या हुंड्याचें कर्ज अंगावर. त्यामुळें घरीं विद्यार्थी ठेवून व मोजमापाचीं उपकरणें विकून तो प्रपंच चालवी. पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची कथा त्याच्या व्हिव्हियानी नांवाच्या शिष्यानें पुष्कळ वर्षांनीं लिहिली आहे. तिला दुसरा आधार नसल्यानें आम्ही ती येथें विस्तारानें देत नाहीं. १६०९ सालीं त्यानें स्वतः घडविलेली दुर्बीण आकाशाकडे वळविली, आणि १६१० च्या जानेवारींत गुरूभोंवतीं फिरणारे चंद्र त्यास दिसले. त्या शोधानें त्याचें नांव सर्व युरोपभर झालें, व त्याच वर्षीं टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा कोझिमो द मेदिची यानें त्यास आपला मुख्य गणितज्ञ व तत्त्ववेत्ता नेमून फ्लॉरेन्स येथें बोलावून घेतलें.

आतां बर्फाकडे वळूं.

१६११ चा उन्हाळा होता. फ्लॉरेन्समध्यें फिलिप्पो साल्व्हियाटी नांवाचा एक तरुण, श्रीमंत व विद्याव्यासंगी सरदार राहत असे. त्याच्याकडे जमलेल्या मंडळींत गॅलिलिओ होता व पिसाच्या विद्यापीठांतील दोन अध्यापकहि होते. शीतोष्णाचे गुणधर्म काय, यावर बोलणें चाललें होतें. थंडीचा धर्म आकुंचन पावविण्याचा, असें एका अध्यापकानें सांगितलें व उदाहरण बर्फाचें दिलें: पाणी थंडीनें दाटून घट्ट झालें म्हणजेच बर्फ. गॅलिलिओस हें पटलें नाहीं. बर्फ जर दाटलेलें पाणी असेल तर तें पाण्याहून जड असलें पाहिजे, आणि जड वस्तु पाण्यांत बुडाली पाहिजे. पण बर्फ तर तरंगतें! तेव्हां बर्फ म्हणजे दाटलेलें नव्हे, तर फुगून विरळ झालेलें पाणी असलें पाहिजे, असा त्याचा सरळ तर्क होता.

यावर त्या पंडितांचें उत्तर आरिस्टॉटलच्या ग्रंथांतून आलें. बर्फ जडच आहे. पण त्याचे तुकडे पसरट व चापट असतात, म्हणून त्यांस पाणी कापून खालीं जातां येत नाहीं, असें ते म्हणूं लागले. आरिस्टॉटलनें लोखंडाचे किंवा शिशाचे पातळ पत्रे पाण्यावर तरंगतात याचें कारण त्यांचा आकार असें लिहून ठेविलें होतें. तेंच त्यांनीं बर्फास लावलें. गॅलिलिओचें म्हणणें असें कीं, बर्फाचा आकार कसाहि असो, वाटोळा, लांबट, चापट, तें तरंगतेंच. शिवाय चापट तुकडा हातानें तळाशीं दाबून धरावा व सोडावा. तो आपण होऊन वर येतो. पाण्यास कापण्याची शक्ति जर त्या चापट तुकड्यांत खालीं जातांना नसेल, तर वर येतांना ती कोठून आली? या एका प्रश्नापुढें आकाराची सर्व उपपत्ति ढांसळते. यास ना यंत्र लागलें ना गणित. एक भांडें, एक बर्फाचा तुकडा व हाताचीं दोन बोटें एवढेंच साहित्य पुरेसें झालें.

येथें क्षणभर थांबून या विषयाचें शास्त्र समजून घेणें जरूर आहे. पाण्यांत शिरलेली वस्तु जितकें पाणी बाजूस सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढ्या जोरानें पाणी तिला वर उचलतें, हा आर्किमिडिजाचा नियम. वस्तु पाण्याहून हलकी असली म्हणजे ती पुरती बुडण्यापूर्वींच हा जोर तिच्या वजनाबरोबर होतो, व मग ती तेथेंच तरंगत राहते. शंभर ग्रॅम बर्फ घेतलें तर तें सुमारें १०९ घनसेंटिमीटर जागा व्यापतें. पण तरंगतांना बाजूस सारतें तें मात्र शंभर ग्रॅमच पाणी, म्हणजे १०० घनसेंटिमीटर. उरलेले नऊ घनसेंटिमीटर बर्फ पाण्याबाहेर डोकें काढून राहतें.

आतां तें वितळलें तर काय होईल? विद्यार्थ्यांस आम्ही हा प्रश्न घालतों तेव्हां वर्ग बहुधा दुभंगतो. पेला पाण्यानें कांठोकांठ भरलेला आहे व बर्फाचा खडा कांठाच्या वर डोकावत आहे. तो विरघळला कीं पाणी सांडणार, असें निम्मे जण ठामपणें सांगतात. पण विचार करून पाहा. शंभर ग्रॅम बर्फाचें पाणी शंभर ग्रॅमच होणार, व तें बरोबर १०० घनसेंटिमीटर जागा घेणार; म्हणजे बर्फानें पाण्यांत जेवढी खळगी केली होती तेवढीच तें भरून काढणार. एक थेंबहि सांडणार नाहीं व पातळी केसभरहि हलणार नाहीं. घरीं करून पाहतांना एवढी काळजी घ्यावी कीं, पेल्याच्या बाहेरील अंगास जे थेंब जमतात ते हवेंतील वाफेचे असतात. ते पाहून पाणी सांडलें असें म्हणून पुष्कळ जण फसतात. आणखी एक गंमत आहे. बर्फ गोठवितांना त्यांत एखादा खडा घालून ठेवावा. असें बर्फ तरंगत असतां खड्याच्याहि वजनाएवढें पाणी बाजूस सारलेलें असतें. बर्फ वितळून खडा तळाशीं गेला म्हणजे तो केवळ आपल्या आकारमानाएवढेंच पाणी सारतो. म्हणून पातळी चढत नाहीं, उलट खालीं उतरते.

समुद्राच्या बाबतींत मात्र थोडा फरक पडतो. समुद्राचें पाणी खारट असल्यामुळें गोड्या पाण्याहून जड असतें. त्यावर तरंगणारें हिमनग वितळून गोडें पाणी झालें म्हणजे तें सारलेल्या खाऱ्या पाण्यापेक्षां शेंकडा दोन-अडीच भाग अधिक जागा घेतें, व पातळी अगदीं किंचित् वाढते. खरी चिंता तरंगणाऱ्या बर्फाची नसून जमिनीवर साठलेल्या बर्फाची आहे. ग्रीनलंडवरील सर्व बर्फ वितळून समुद्रांत आलें तर समुद्र सुमारें ७ मीटर चढेल, व दक्षिण ध्रुवावरील अंटार्क्टिकाचें सर्व आलें तर सुमारें ५८ मीटर. मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरांत राहणाऱ्यांनीं हा भेद नीट समजून घ्यावा. भरलेल्या पेल्यांत आधींच तरंगत असलेला खडा आणि त्यांत बाहेरून आणून टाकलेला खडा, एवढाच तो भेद आहे.

बर्फ फुगतें कां, याचें कारण गॅलिलिओस ठाऊक असणें शक्य नव्हतें; अणुरेणूंचें ज्ञान फार पुढचें. पाणी थंड होत जातांना ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत आकुंचन पावतें, व त्याखालीं गेल्यावर पुन्हां प्रसरण पावूं लागतें. गोठतांना त्याचे रेणु षट्कोनी जाळीच्या रचनेनें एकमेकांस धरून राहतात व मध्यें पोकळ्या राहतात. म्हणूनच थंड देशांतील सरोवरें वरून गोठतात, तळाशीं पाणी राहतें आणि मासे जगतात. बर्फ जर त्या पंडितांच्या मताप्रमाणें जड असतें तर सरोवरें तळापासून गोठत आलीं असतीं. सृष्टिकर्त्याच्या या योजनेचें आम्हांस तरी नेहमीं नवल वाटत आलें आहे.

असो. वाद तेथेंच मिटला नाहीं. थोड्याच दिवसांत लोदोव्हिको देल्ले कोलोम्बे हा गॅलिलिओचा जुना प्रतिस्पर्धी त्यांत उतरला. कोलोम्बे या शब्दाचा अर्थ कबुतरें असा असल्यामुळें गॅलिलिओचे मित्र त्याच्या पक्षाची कबुतरांचें मंडळ म्हणून थट्टा करीत. पण हा गृहस्थ अगदींच पोकळ नव्हता. त्यानें आबनुसाचें काळें लाकूड आणिलें. हें लाकूड पाण्याहून जड. त्याचा गोळा पाण्यांत सोडला तो बुडाला. त्याचीच पातळ चकती कोरडी असतां पाण्यावर अलगद ठेविली ती तरंगली! लाकूड तेंच, पाणी तेंच, फरक काय तो आकाराचा. मग आकारानेंच तरंगणें ठरतें हें सिद्ध झालें नाहीं काय? शहरांत या प्रयोगाची मोठी चर्चा झाली.

गॅलिलिओनें चकतीकडे निरखून पाहिलें. ती पाण्याच्या सपाटीवर नसून किंचित् खालीं, एका खळग्यांत बसलेली होती, व तिच्याभोंवतीं पाण्याचे बारीक बांध उभे होते. तीच चकती पुरती भिजवून पाण्यांत सोडली तर ती गोळ्याप्रमाणेंच तळाशीं जाते, हें त्यानें दाखविलें. आकार तर बदलला नाहीं. मग केवळ आकारास श्रेय कसें द्यावें? खळग्यांतील हवा व चकती मिळून जें आकारमान होतें तें पाण्याहून हलकें पडतें, असा त्याचा हिशेब होता, व तो हिशेब बरोबरच होता. परंतु पाण्याचे ते बांध कोसळत कां नाहींत याचें समाधानकारक कारण त्यास देतां आलें नाहीं. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, त्यास आपण पृष्ठताण म्हणतों, व त्यामुळेंच शिवणाची सुई हलक्या हातानें ठेविल्यास पाण्यावर राहते, हें पुढें कळलें. तेव्हां कोलोम्बेनें पुढें आणलेली गोष्ट विचार करण्यासारखी होती, हें न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. त्याची चूक एवढीच कीं, हातीं आलेल्या नव्या गोष्टीचा उपयोग त्यानें नवें कांहीं शिकण्याकरितां न करतां जुन्या ग्रंथाचें रक्षण करण्याकरितां केला.

ग्रँड ड्यूकास आपल्या दरबारच्या तत्त्ववेत्त्यानें चवाठ्यावर भांडावें हें आवडलें नाहीं. वाद करावयाचा तर लिहून करावा असें त्यानें सुचविलें. त्याच वर्षीं शरदृतूंत रोमहून दोन कार्डिनल फ्लॉरेन्सला आले असतां ड्यूकाच्या पंक्तीस जेवणाच्या वेळीं हा विषय पुन्हां निघाला. पिसाच्या विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचा अध्यापक पापाझ्झोनी हा आरिस्टॉटलच्या बाजूनें बोलला, व गॅलिलिओनें आपलें म्हणणें मांडलें. कार्डिनल फेर्दिनान्दो गोन्झागा यानें अध्यापकाचा पक्ष घेतला. पण दुसरा कार्डिनल, माफ्फेओ बार्बेरिनी, गॅलिलिओच्या बाजूस उभा राहिला. हा बार्बेरिनी स्वतः फ्लॉरेन्सचा, बुद्धिमान व काव्य रचणारा होता. त्या दिवसापासून दोघांत जो स्नेह जडला तो पुष्कळ वर्षें टिकला, व बार्बेरिनीनें १६२० सालीं गॅलिलिओच्या गौरवार्थ लॅटिनमध्यें एक कविताहि रचून पाठविली.

१६१२ सालीं पाण्यावर राहणाऱ्या वस्तूंविषयींचा गॅलिलिओचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, व त्याच वर्षीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. त्या काळीं विद्वानांनीं लॅटिनमध्यें लिहावयाचें अशी वहिवाट असतां गॅलिलिओनें तो जाणूनबुजून इटालियन भाषेंत लिहिला. ज्यांस विद्यापीठांत जावयास मिळालें नाहीं अशांनाहि देवानें डोळे व बुद्धि दिली आहे, त्यांनींहि वाचावें, असा त्याचा हेतु होता. आपल्या मुलांस पदार्थविज्ञान मराठींतून शिकवावयाचें म्हटलें कीं आजहि कित्येक जण नाक मुरडतात. त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा. ग्रंथावर विरुद्ध पक्षाचीं चार उत्तरें निघालीं. त्यांतील दोहोंस १६१५ सालीं गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यानें प्रत्युत्तर छापलें. हा कास्तेल्ली बेनेडिक्टाइन पंथाचा साधु होता, हें सांगावयास हवें. कारण धर्माचे लोक सर्व एकीकडे व शास्त्राचे दुसरीकडे असें चित्र कित्येक पुस्तकांत काढलेलें असतें, तें खरें नाहीं.

यापुढील कथा प्रसिद्ध आहे. १६१६ सालीं रोमच्या धर्माधिकाऱ्यांनीं पृथ्वी फिरते हें मत पवित्र शास्त्राविरुद्ध ठरवून कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत बंद ठेविला, व गॅलिलिओस ताकीद दिली. आम्ही प्रॉटेस्टंटांनीं यावरून रोमला हसण्याचें कारण नाहीं. कोपर्निकसच्या मताचा निषेध आमच्याकडील मेलँक्थन यानेंहि रोमच्या कितीतरी आधीं केला होता. १६२३ सालीं माफ्फेओ बार्बेरिनी हा आठवा अर्बन या नांवानें पोप झाला, आणि गॅलिलिओस वाटलें कीं आतां दिवस पालटले. दुसऱ्या वर्षीं तो रोमला गेला असतां नव्या पोपनें त्यास सहा वेळां भेट दिली. पोपचें मत असें होतें कीं, देव सर्वशक्तिमान् आहे. आपणांस दिसणारी गोष्ट तो आपल्या कल्पनेपलीकडील हजार रीतींनीं घडवूं शकेल. म्हणून अमुकच कारण खरें असें मनुष्यानें छातीठोकपणें म्हणूं नये. या मतांत नम्रता आहे, व ती आम्हांस खोटी वाटत नाहीं. परंतु याच न्यायानें बर्फ तरंगण्याचेंहि कारण कोणास सांगतां आलें नसतें, आणि ड्यूकाच्या पंक्तीस बसलेल्या त्या कार्डिनलानें तर गॅलिलिओनें सांगितलेलें कारण आनंदानें मान्य केलें होतें. बर्फाविषयीं मत बदलल्यानें कोणाचें आसन डळमळत नव्हतें. पृथ्वीविषयीं मत बदलल्यानें तें डळमळणार होतें.

१६३२ सालीं गॅलिलिओचा संवादरूप मोठा ग्रंथ बाहेर पडला. त्यांत तीन पात्रें बोलतात. त्यांपैकीं ग्रंथकाराचे विचार मांडणारें जें पात्र त्यास त्यानें साल्व्हियाटी हें नांव दिलें. ज्याच्याकडे बर्फाचा वाद सुरू झाला तो हा मित्र १६१४ सालींच स्पेनमध्यें वारला होता. त्याचें नांव अशा रीतीनें जिवंत राहिलें. परंतु पोपचा तो आवडता युक्तिवाद मात्र गॅलिलिओनें ग्रंथाच्या शेवटीं सिंप्लिचिओ नांवाच्या तिसऱ्या पात्राच्या तोंडीं घातला, आणि हें पात्र संपूर्ण ग्रंथांत हरत आलेलें आहे! पोप संतापला यांत नवल नाहीं. गॅलिलिओच्या ठिकाणीं व्यवहारचातुर्य बेताचें व जीभ तिखट, हा दोष होताच. त्याच ग्रंथांत भरती-ओहोटी पृथ्वीच्या गतीमुळें होते असा जो पुरावा त्यानें सर्वांत जोरानें मांडला तोहि चुकीचा निघाला; भरती मुख्यतः चंद्रामुळें येते. पेल्यांतील पाण्यानें ज्यास यश दिलें त्यास समुद्राच्या पाण्यानें चकविलें.

२२ जून १६३३ रोजीं, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, रोम येथील मिनर्व्हा मठांत गुडघे टेकून त्यानें आपलें मत सोडल्याचें वाचून दाखविलें. उठतांना पृथ्वी फिरतेच असें तो पुटपुटला ही कथा त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं छापली गेली असून ती विश्वसनीय नाहीं. त्यानें शरणागति पत्करली म्हणून त्यास भित्रा म्हणणारे आहेत. छळाची धमकी समोर असतां वृद्ध व रोगी मनुष्यानें काय करावयास हवें होतें हें सुखाच्या खुर्चींत बसून ठरविण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाहीं. इतकें खरें कीं, एवढें होऊनहि त्यानें आपला ख्रिस्तावरील विश्वास टाकला नाहीं. पवित्र शास्त्र तारणाचा मार्ग शिकविण्यासाठीं आहे, आकाशाची रचना शिकविण्यासाठीं नव्हे, ही त्याची समजूत होती, व आज बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांची तीच आहे. रोमनें त्याचा तो ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादींतून १८३५ सालीं काढला, आणि १९९२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्या वेळच्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणें मान्य केली.

शिक्षेंत एक कलम असें होतें कीं, तीन वर्षेंपर्यंत आठवड्यांतून एकदां त्यानें पश्चात्तापाचीं सात स्तोत्रें म्हणावीं. त्याची वडील कन्या आर्चेत्री येथील मठांत संन्यासिनी होती. मठांतील तिचें नांव मारिया चेलेस्ते. बापाचें हें ओझें तिनें आपण होऊन स्वतःवर घेतलें, व ती स्तोत्रें त्याच्या वतीनें ती म्हणूं लागली. तिनें बापास लिहिलेलीं १२४ पत्रें उपलब्ध आहेत. फाटके कपडे शिवून दिल्याची, फळांचा मुरंबा पाठविल्याची, मठांतील आजाऱ्यांची अशी साधी हकीकत त्यांत आहे. १६३३ च्या अखेरीस त्यास आर्चेत्री येथील आपल्या घरीं नजरकैदेंत राहण्याची परवानगी मिळाली. घर मठाला लागूनच होतें. पण चारच महिन्यांत, २ एप्रिल १६३४ रोजीं, ती तेहतिसाव्या वर्षीं वारली. बापानें तिला लिहिलेलीं पत्रें मात्र नाहींशीं झालीं.

दुःखानें तो खचला, तरी त्याचें काम थांबलें नाहीं. गतीविषयीं व पदार्थांच्या बळकटीविषयीं त्यानें आयुष्यभर केलेले प्रयोग एकत्र करून त्यानें शेवटचा ग्रंथ लिहिला; त्यांतहि साल्व्हियाटी आहेच. इटलींत छापण्याची सोय नसल्यानें तो १६३८ सालीं हॉलंडमधील लायडन येथें छापला गेला. तो हातीं पडेपर्यंत ग्रंथकाराची दृष्टि पुरती गेली होती. शेवटचीं वर्षें व्हिव्हियानी हा तरुण शिष्य त्याच्यापाशीं राहून त्यास वाचून दाखवी व सांगेल तें लिहून घेई. ८ जानेवारी १६४२ रोजीं आर्चेत्री येथें गॅलिलिओ मरण पावला.

१६५७ सालीं दुसऱ्या कोझिमोचे पुत्र ग्रँड ड्यूक दुसरा फेर्दिनान्दो व त्याचा भाऊ लेओपोल्दो यांनीं फ्लॉरेन्स येथें प्रयोग करणाऱ्या विद्वानांची एक संस्था स्थापन केली. तिचें नांवच प्रयोगाची अकादमी असें होतें, व व्हिव्हियानी तिचा एक सभासद होता. ज्या राजघराण्याच्या पंक्तीस बर्फावरून वाद झाला होता, त्याच्याच आश्रयानें आतां पाण्याच्या गोठण्याची रीतसर परीक्षा सुरू झाली. धातूचीं पोकळ भांडीं पाण्यानें अगदीं भरून, घट्ट बंद करून, त्यांभोंवतीं बर्फ व मीठ रचून ठेविलें गेलें. आंतील पाणी गोठतांना दाटून लहान झालें असतें तर भांड्यांत रिकामी जागा राहिली असती. भांडीं फुटलीं.